बेल दाबली की आई येते

सरांनी भर वर्गात बेल दाबली आणि माझी आई पदराला हात पुसत दारात आली.

"काय आणू, सर?"

"काही नाही. जा."

आई गेली. सरांनी पुन्हा बेल दाबली. आई पुन्हा आली. सगळी पोरं खदाखदा हसली. आईही हसली. तिला वाटलं, काहीतरी गंमत चाललीय. तिचं ते हसू मला अजून सहन होत नाही.

चूक माझी होती. मोबाईल ॲप बनवायचा क्लास बारामतीत, सरांच्या बंगल्यातच. आई तिथं स्वयंपाकघरात कामाला, म्हणून मला फी माफ. त्या दिवशी मी सेव्हचं बटण केलं. बटण दाबल्यावर जे व्हायचं, ते फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या एका तुकड्यात, लिहून त्याचं नुसतं नाव बटणाला द्यायचं असतं. मी नावापुढं कंस टाकले. मग काय! स्क्रीन उघडली आणि कुणी बोट लावायच्या आत काम होऊन बसलं.

सर म्हणाले, "कंस टाकलास की काम लगेच होणार. नुसतं सोपवून ठेवायचं. दाबलं की व्हायला पाहिजे. तुला तरी कळावं. तुझी आई बघ." आणि बेल.

तिसऱ्यांदा त्यांचं बोट बेलकडं गेलं तेव्हा मी उठले. वर्गात मी जपून, शुद्ध बोलायची. तेव्हा घरचंच तोंडातून निघालं.

"ती माझी आई हाय, सर. तुमचं फंक्शन न्हाय."

"मग घेऊन जा तिला," सर शांतपणे म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"गप बस, पोरी. गावाकडं निरवांगीला परत जाऊन खायाचं काय?"

मी एकटीच बाहेर पडले. वहीसुद्धा तिथंच राहिली.

आई अजून तिथं जाते. तिथल्या मोरीपाशी तिचा चहाचा कप अजून वेगळाच असतो. मी घरी बसून मोबाईलवर बघत शिकले, कंसाची चूक आता होत नाही. पण नोकरी मागायला गेलं की क्लासचं सर्टिफिकेट मागतात, आणि त्यावर सही सरांची लागते. यातून काही निघेल असं मला वाटत नाही.

परवा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "नव्या पोरास्नी पण सरांनी तसंच बेल दाबून दावलं."

म्हणजे मी उठले, त्यानं काय झालं? काही नाही.

प्रत्येक बॅचला हा धडा येतो. पुढच्या वेळी मी मागच्या दारानं जाऊन आईपाशी बसणार. बेल वाजली की तिला उठू देणार नाही. दारात मी जाणार. आणि सर "जा" म्हणाले तरी हलणार नाही.