संघप्रियाची गिरणी आणि भोंग्याची नवी गाणी

पाटाच्या कडेची वाट हरभऱ्याच्या रानापाशी वळते, तिथं संघप्रिया थांबली. कमरेवर हात ठेवून तिनं दोन-चार वेळा श्वास ओढला आणि मग, थांबायचं कारण जणू हेच होतं असं दाखवत, हेडफोनचं एक टोक कानातून काढून रुख्मिणीपुढं धरलं.

परभणीच्या दवाखान्यातून दोघी परतत होत्या. पिंगळीला गाडीतून उतरल्या तर गावाकडं जायला एकही रिक्षा नव्हती. वाट बघून कंटाळल्या आणि चालायला लागल्या. आता निम्मी वाट सरली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं रुख्मिणीनंही ऐकलं होतं. पिठाची धूळ छातीत बसलीय, तोंडाला फडकं बांधल्याशिवाय गिरणीत जाऊ नका, श्वासाचा पंप रोज ओढा, आणि एका दमात बोलत सुटू नका. बाकी सगळ्याला संघप्रियानं मान हलवली. शेवटच्याला ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तिचं दुखणं तिथंच होतं. रमाई जयंती आठवड्यावर आलेली. विहारासमोरच्या मांडवात दर साली ती ‘भोंगा’चं एक गाणं म्हणते. भोंगा म्हणजे नांदेडकडच्या कापडगिरणीतल्या कामगारांच्या पोरांनी काढलेला रॅपचा बँड. तेव्हा ती पोरं कॉलेजात होती, आता त्यांची पोरं कॉलेजात आहेत. त्यांचं सगळ्यात पळतं गाणं संघप्रिया एका दमात म्हणायची आणि मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावून बघत बसायच्या. गेल्या साली ती मधेच अडकली. खोकला थांबेना. बाया टाळ्या वाजवायला लागल्या, राहू दे गं, लय छान झालं म्हणाल्या. खोकल्यानं झाला नसेल एवढा त्रास तिला त्या टाळ्यांनी झाला. यंदा जयंतीचा कार्यक्रम ठरवणाऱ्या कमलबाई नाव घालायला आल्या तेव्हा तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नुसती गिरणीच्या हॉपरमधली ज्वारी सारत बसली.

रुख्मिणीची आणि तिची ओळख दळणातूनच झालेली. नवरा धम्मानंद जिंतूरला शाळेत क्लार्क, सकाळच्या एसटीनं जातो, म्हणून गिरणी संघप्रियाच्याच हातात. रुख्मिणीचे उपवास बारमाही. तिचं भगरीचं दळण आलं की संघप्रिया पट्टा थांबवायची, कुंच्यानं आतलं गव्हाचं पीठ झाडून काढायची, वर मूठभर भगर आधी दळून बाजूला टाकायची. सांगावं लागलं नाही कधी. गावातल्या काही जणी उपवासाचं दळण मुद्दाम पिंगळीला नेतात, हे दोघींनाही माहीत होतं. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

गिरणी सुरू असताना संघप्रियाचे ओठ सारखे हलत. रुख्मिणीला पहिल्यांदा वाटलं, बाई नामस्मरण करतेय. बरं वाटलं तिला. एकदा पट्टा अचानक बंद पडला आणि त्या शांततेत कापडगिरणीच्या मालकाचा उद्धार करणारी सणसणीत ओळ रुख्मिणीच्या कानावर पडली. ती दळणाचा डबा तसाच धरून उभी राहिली. संघप्रिया हसून हसून बेजार झाली होती. गिरणीच्या घरघरीवर बोलायचं तर जोरात आणि ठेक्यात बोलावं लागतं, त्यातूनच आपली जीभ तयार झाली, असं तिनं त्या दिवशी सांगितलं होतं.

आता पाटाच्या कडेनं, मधे वायर ताणली जाऊ नये म्हणून खांद्याला खांदा लावून दोघी निघाल्या. कानात भोंग्याची नवी गाणी होती. कैक वर्षांनी त्यांनी अल्बम काढलेला, नाव ‘तीन पाळ्या’.

“हा कोणाला रागवायलाय गं?” रुख्मिणीनं विचारलं.

“रागवत न्हाई ताई, सांगायलाय. हा योगीराज. पहिल्यापासून हाच पुढं.”

“मग चाल कुठाय?”

“चाल पायात असती ह्याची. चालत राहा, घावंल.”

रुख्मिणीनं दहा-वीस पावलं मन लावून टाकली. खरंच, पाय आपोआप ठेक्यावर पडायला लागले. तिला गंमत वाटली, पण तसं दाखवलं नाही. गाण्यात एक पोरगा सांगत होता:

बाप आला रातपाळीहून, मी निघालो शाळेला,
नळावरती भेट आमची, दोन मिनिटं वेळेला.

एवढंच. पुढं भांडण नाही, रडारड नाही. बाप तोंड धुतो, पोरगा बाटली भरतो. आपल्या माणसाला रोज दोन मिनिटंच बघायला मिळणं म्हणजे काय, याचा विचार करत रुख्मिणी चालली.

संघप्रिया मात्र बोलत होती, थांबत थांबत. अल्बम आला त्या दिवशी तिनं दोनच गाणी ऐकली आणि फोन पिठाच्या डब्यामागं टाकून दिला. म्हातारे झाले, असं तिला वाटलं. पूर्वी योगीराज सुटला की सुटला, श्वास कुठं घेतो ते कळायचं नाही. आता तर त्याचा श्वास चक्क ऐकू येतो. आधी ती चिडली. मग कौतुक वाटायला लागलं, की मशिनीत कापून टाकता आला असता, तरी ह्यांनी तो तसाच ठेवला. आणि श्वास घ्यायची जागाही सराव करून ठरवल्यासारखी वाटत होती. तिथं काहीतरी होतं खास, तिला नेमकं सांगता येईना.

रुख्मिणीनं ते नळावरचं कडवं पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून चालताना ती पाटाच्या बांधावरून घसरता घसरता राहिली, संघप्रियानं दंड धरला.

“हा मधी दुसरा कोण घुसला?”

“सिद्धोधन. आधी नुसता ढोलकी वाजवायचा. बोलायचा न्हाई कधी.”

“अगं, मग योगीराजचा श्वास सरायच्या आधीच ह्यानं उचललंय. बघ परत.”

तिसऱ्यांदा लावलं. होतं तसंच. शेवटचा शब्द योगीराजच्या तोंडात असतानाच सिद्धोधन त्यात शिरत होता, आणि पुढच्या ओळीवर योगीराज ताजातवाना परत येत होता. रुख्मिणी म्हणाली की त्यांच्या भजनी मंडळात हे रोजचंच आहे. पुढं म्हणणारी बाई म्हातारी असली तरी अभंग कधी तुटत नाही, कारण मागच्या बाया तिच्या तोंडाकडं बघत असतात. तिथं कोणी ह्याला म्हातारपण म्हणत नाही.

“तुमच्यात काय म्हणतेत ह्याला?”

“काही न्हाई म्हणत. उचलतो आमी.”

संघप्रिया वाटेतच उभी राहिली. पिशवीतून पंप काढला, ओढला. मग तिनं ते कडवं मोठ्यानं म्हणायला घेतलं, हेडफोनशिवाय. निम्म्यावर तिच्या गळ्याची शीर ताणली गेली, आवाज बारीक व्हायला लागला. रुख्मिणीच्या तोंडून ओळ आपसूक निघाली, नळावरती भेट आमची. अगदी भजनाच्या सुरात. दोघी हसायला लागल्या.

हसू ओसरल्यावर कुणीच चालायला लागेना. संघप्रिया आता काय विचारणार, हे रुख्मिणीला कळत होतं. मांडव विहाराचा, गाणं असलं, आणि आपण मंडळात टाळ घेऊन बसणारी बाई. मंडळातल्या पार्वतीबाई दुसऱ्याच दिवशी विचारतील. काय सांगायचं त्यांना, हेही तिच्या मनात यायला लागलं होतं, म्हणजे नाही म्हणायचं आपल्या मनात नाही, एवढं तिचं तिलाच उमगलं.

संघप्रियानं पदरानं तोंड पुसलं आणि हळू आवाजात, प्रत्येक शब्दाला वेळ देत म्हणाली,

“ताई, कमलबाईला मी उद्या हो म्हणते. तुमी माझ्या बाजूला उभ्या राहा. अन् एक करा, मी अडकायच्या आधी उचला. अडकल्यावर उचललं की बाया टाळ्या वाजवतेत.”