दर मिनिटाला सेव्ह

आमच्या वर्षाचं लग्न लिंबाच्या लोणच्यावरून मोडता मोडता राहिलं, आणि त्यात लोणच्याचा काडीचाही दोष नव्हता.

वर्षा म्हणजे माझी धाकटी मेहुणी. माझी सासुरवाडी गोरेगावची, मुंबईच्या नव्हे, आमच्या हिंगोलीजवळच्या. मी तेव्हा हिंगोलीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, त्यामुळे सासुरवाडीत माझा रुबाब काही वेगळाच होता. मामा, म्हणजे माझे सासरे, आल्यागेल्याला सांगायचे, "आमचे जावई कॉम्प्युटर पुरा खोलून परत जोडतात." (खोलला होता हे खरं. जोडायला नांदेडहून माणूस आला होता.)

मामांनी हौसेनं घरात नेट घेतलं. पण लोडशेडिंगमध्ये लाईट गेली की राऊटर सगळं विसरून जायचा, नाव, पासवर्ड, सगळं. मग मामांचा फोन यायचा, "जावईबापू, डब्ब्याला काही आठवून नाही राहिलं." आणि मी जीपमध्ये कुणाच्या तरी मांडीवर बसून गोरेगाव गाठायचो. शेवटी एका फेरीत मी असा कायमचा बंदोबस्त केला की त्यानंतर राऊटर कधी काही विसरला नाही. मामांनी मला टॉवेल-टोपी केली. तो बंदोबस्त काय होता ते पुढे येईलच. आधी लोणचं.

फक्त तेव्हापासून नेट जरा अडखळायला लागलं होतं. "चालता चालता मधीच ठेचकाळून राहिलं," मामा म्हणायचे. मी दर वेळी नवं कारण द्यायचो. लाईन जुनी आहे. राऊटर फ्रिजवर ठेवलाय म्हणून तापतोय. मामींनी त्यावर क्रोशाचं झाकण घातलंय म्हणून गुदमरतोय. झाकण काढलं, राऊटर खिडकीत आणला, वायर बदलली. नेट ठेचकाळतच राहिलं. मी म्हणालो, "टेलिफोन खात्याचंच काही खरं नाही," आणि विषय संपवला.

अशात वर्षाला स्थळ आलं. मुलगा कळमनुरीचा, सुनील नावाचा, नोकरीला मस्कतला. दोन्हीकडच्या थोरामोठ्यांची पसंती झाली होती, मुलामुलीनं एकमेकांना पाहायचं तेवढं राहिलं होतं. वर्षानं त्याचा फोटो पुस्तकात ठेवला होता, आणि हल्ली ती अभ्यास फार करायची. पण सुनील उद्यापासून कुठल्याशा वाळवंटातल्या कामावर जाणार होता. तिथं नेट नाही, फोनही मुश्किलीनं लागणार. मामांच्या हातात सेनगावचं दुसरं स्थळ तयार होतं. म्हणजे काय ते आजच.

त्यात महिना धोंड्याचा. मी आणि शोभा, म्हणजे माझी बायको, धोंडे जेवायलाच गेलो होतो.

"धोंड्यात पाहणी करत्यात व्हय कुठं?" मामी म्हणाल्या.

"पाहणी कुठं हाय? कॉम्प्युटर हाय," मामा म्हणाले. "मुलगा घरात आला का? चहा पेला का? मंग?"

यावर मामींनी बराच विचार केला आणि पोह्यांची तयारी थांबवली. पोहे नसले की ती पाहणी होत नाही, असं ठरलं.

दुपारी व्हिडिओ कॉल लागला. वर्षा साडी नेसून खुर्चीवर, शेजारी मामा-मामी, मागे शोभा, आणि माऊस हातात धरून मी. सुनील पडद्यावर आला, मुलगा खरोखर चांगला होता. वर्षाचे कान लाल झाले.

मामींनी सुरुवात केली. "तिकडं ऊन लई असंल ना?"

सुनीलनं तोंड उघडलं आणि तो तसाच गोठला. आम्ही वाट पाहिली. मामांना शांतता सहन होत नाही. "तुमच्या मातोश्रींची तब्येत कशी हाय?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात पडदा हलला. "लई वाईट हालत हाय," सुनील हसत म्हणाला. "उभं सुद्धा राहवत न्हाई. संध्याकाळी जरा बरं असतं, पण तेवढंच."

"अगं बया," मामी हळूच म्हणाल्या. "इहीणबाई आजारी हायेत. कुणी सांगितलं न्हाई आपल्याला."

"आणि हा हसून राहिला," मामा म्हणाले.

मामींनी वातावरण सावरायला विचारलं, "जेवणात लिंबाचं लोणचं चालतं का तुमाला?" सुनील पुन्हा गोठला. मामांच्या मनात आता शंका शिरली होती. त्यांनी घसा खाकरून थेट विचारलं, "तंबाखू-बिंबाखू, दारू, असलं काही?"

सुनीलचा चेहरा खुलला.

"रोज लागतं," तो म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ. त्याच्याबिगर घासच उतरत न्हाई. लहानपणी आईनंच सवय लावली."

खोलीत कुणी हललं नाही. (मला वाटलं, आता आमच्याकडचंच चित्र गोठलं.)

"बंद करा ते," मामा म्हणाले, आणि मी कॉल बंद केला.

वर्षा उठून दाराशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. पदर डोळ्यांकडे गेला तेव्हा मला फार वाईट वाटलं. पोरीनं महिनाभर ज्या फोटोसाठी अभ्यास केला, तो असा निघावा. काहीतरी करायला हवं होतं, आणि मला करता येण्यासारखं एकच होतं. मी राऊटरचं पान उघडलं आणि दिसेल ती सेटिंग बदलायला लागलो.

तेवढ्यात सुनीलनंच परत कॉल केला. "कॉल कट झाला जणू," तो म्हणाला आणि हसला. मी त्याच क्षणी सेटिंग बदलून 'सेव्ह' दाबलं. हसू गोठलं.

वर्षा माझ्या खुर्चीमागे कधी आली ते मला कळलं नाही. "दाजी, आता काय केलं तुमी?"

"सेव्ह केलं."

सुनील हलायला लागला. "पुन्हा करा," वर्षा म्हणाली. मी पुन्हा दाबलं. सुनील पुन्हा गोठला. सेव्ह करताना राऊटर बाकीची सगळी कामं सोडून देतो, हे मला क्लास काढून इतकी वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं.

"बराबर," वर्षा म्हणाली. "पण मघाशी तर तुमी काहीच दाबत नव्हते. मंग तवा सेव्ह कोण करून राहिलं होतं?"

हा प्रश्न फार चांगला होता. मी पंख्याकडे पाहायला लागलो.

"अहो," शोभा म्हणाली, "तुमी तो कायमचा बंदोबस्त केला होता ना? त्यात काय केलं होतं?"

तर तो बंदोबस्त असा. राऊटर विसरायचा, कारण सेटिंग भरल्यावर 'सेव्ह' दाबावं लागतं आणि ते मी कधीच दाबलं नव्हतं. ते एकदा दाबलं असतं तर भागत होतं. पण काहीही करा, आधी सेव्ह करा, असं मी क्लासात पोरांकडून रोज घोकून घेणारा माणूस. मी नेटवरून एक फुकटातला प्रोग्राम आणून मामांच्या कॉम्प्युटरवर टाकला होता. तो राऊटरला दर मिनिटाला सेव्ह करायला लावायचा, रात्रंदिवस.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे टॉवेल-टोपी आपण याच्यासाठी केली," एवढंच म्हणाले.

मी प्रोग्राम काढून टाकला. वर्षानं मामांना सरकवून खुर्ची पुढं ओढली आणि सगळे प्रश्न स्वतःच पहिल्यापासून विचारले. सुनील आता पाण्यासारखा वाहत होता. तंबाखूच्या वासानं त्याला मळमळायचं. मातोश्री ठणठणीत होत्या, कालच शेतात जाऊन आल्या होत्या. लोणचं मात्र रोज लागायचं. मामींनी कपाळाला हात लावला आणि पोहे करायला उठल्या.

लग्न झालं. पुढचा धोंड्याचा महिना आला तेव्हा सुनील आणि मी शेजारी शेजारी जेवायला बसलो. मामी पातेलं घेऊन आल्या.

"बास, मामी. आता नको," मी म्हणालो.

ताटात धोंडा पडला.

"नको म्हणालो ना."

"ते आधीच्या सवालाचं असंल, जावईबापू," मामी म्हणाल्या. "या सवालाचं येऊ द्या, मंग बघू." आणि आणखी एक वाढला.

सुनील मान खाली घालून लोणचं खात होता. त्याचे खांदे हलत होते. मी बोलणं सोडून दिलं आणि ताटावर दोन्ही हात आडवे धरून तसाच बसून राहिलो.

"आई, थांब जरा," शोभा म्हणाली. "ते सेव्ह करून राहिले."