रूळ खानझोडेंचे, तारा माझ्या

लिहा म्हणणाऱ्याचं काय जातं? गणेश मंडळाच्या स्मरणिकेला पानं कमी पडली, तर म्हणे, नाना, तुमचे रेलगाडीचे किस्से द्या. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. जन्म गेला रिछाईच्या कारखान्यात वायरमनकी करण्यात. तरी लिहून राहिलो, कारण मंडळात अजून मला ‘उलटे नाना’ म्हणतात. ते एकदाचं बंद झालं पाहिजे.

टूल-बॉक्सच्या तळाशी तारेचे तुकडे जमतात, तसे किस्से जमतात. कामाचा एक नसतो, पण फेकवत नाही.

खानझोडे म्हणजे रेल्वेतले रिटायर गार्ड. पोरीनं त्यांना खेळण्यातली रेलगाडी पाठवली. इंजिन, डबे, शेवटी गार्डाचा डबा. तो डबा पाहून माणूस पाघळलाच. पण ती गाडी परदेशातली, तिचा प्लग आपल्या भिंतीत शिरेना. मग आम्ही दोघं मदतीला: मी आणि प्रोफेसर देशकर. देशकर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे.

इंजिन बारा व्होल्टचं. देशकर घरून स्कूटरची बॅटरी उचलून घेऊन आले. म्हणे, “ही पण बाराचीच.”

मी म्हटलं, “प्रोफेसर, पाणी लोट्यात असते अन् तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदेतही असते. अंघोळीला लोटा पुरते, नर्मदेत उडी काहून मारता?”

ऐकतील तर प्रोफेसर कसले. तेवढ्यात सुलभावहिनी, म्हणजे खानझोडेंच्या मिसेस, चहा घेऊन आल्या अन् साखर ढवळून चमचा टेकवला तो नेमका दोन रुळांवर. ठिणग्या उडाल्या, तार लाल झाली, धूर निघाला, आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. म्हणे, “माझ्या सेटातला होता तो चमचा.”

बॅटरी गेली. दुसऱ्या दिवशी खानझोडेंनी कुठून तरी बारा व्होल्टचा झकास ॲडाप्टर आणला. गाडी सुरेख चालली.

त्याच आठवड्यात मंडळाच्या हॉलबाहेरून माझी नवी चप्पल गेली. देशकर म्हणे, काळजी काय, कॅमेरा आहे ना, रेकॉर्डिंग पाहू. पाहिलं. रेकॉर्डिंग चोराच्या आधीच संपलेलं. शेवटच्या चित्रात खानझोडेंचा हात होता, कॅमेऱ्याच्या प्लगाकडे जाणारा.

ॲडाप्टर परत कॅमेऱ्याला गेला, नवा आला, अन् गाडी मधेच थांबायला लागली. कधी पण. खानझोडे म्हणे, तुमच्या तारांत खोट आहे. मी म्हणे, तुमच्या रुळांत.

मग उमगलं. खानझोडे डबे नीट लावून खोलीच्या त्या टोकाहून ओरडत, “लाईन क्लिअर!” गार्डाची लाईन म्हणजे रूळ. वायरमनची लाईन म्हणजे करंटाची तार. ती क्लिअर म्हणजे करंट काढलेली, म्हणून मी इमानदारीनं स्विच बंद करून राहिलो होतो.

एकदा वैतागून मी ओरडलो, “लाईन चालू आहे!” तर आतून वहिनींनी मिक्सर लावला. म्हणे, केव्हाची वाट पाहून राहिली होती लाईन यायची.

खानझोडेंची एक हौस होती, गाडीनं वळसा घालून त्याच रुळानं परत यावं. मी सांगितलं, तसं केलं तर डावा रूळ फिरून उजव्याला भिडते, अन् दोन्ही करंटाचे आहेत.

“अरे भैया, इतकी वर्षं गाड्या नेल्या, माझे रूळ कधी भांडले नाहीत.”

“तुमच्या वेळी ते नुसते रूळ होते. इथं ते नवरा-बायको आहेत. शेजारी शेजारी ठीक, समोरासमोर नको.”

वहिनी हसल्या, म्हणून पटलं. साधा गोल करायचं ठरलं. अन् गोलच आहे तर गणपतीभोवती फिरवू, प्रसादाचा मोदक डब्यात ठेवू, बाप्पाला प्रदक्षिणा होईल, ही कल्पना देशकरांची.

गाडी मी घरी तपासून दिली होती. खानझोडेंना पढवलं होतं, हॉलमध्ये जोडताना लाल तार डावीकडे, काळी उजवीकडे. लहान पोरगंही चुकणार नाही.

आरती झाली. सगळं मंडळ हात जोडून उभं. स्विच दाबला, अन् गाडी निघाली मागे! पुढं गार्डाचा डबा, त्यात मोदक, शेवटी इंजिन. बाप्पाला उलटी प्रदक्षिणा.

बायकांनी तोंडाला पदर लावले. देशकर मोठ्यानं म्हणाले, नानांनी तारा उलट्या दिल्या. तिथंच ते नाव पडलं. एकटे खानझोडे खूश. म्हणे, “बरोबर तर आहे. गार्डाला आयुष्यात एकदा तरी पुढे जाऊ द्या.”

मी वाकून तारा पाहिल्या. दोन्ही लाल. एकीला नख लावलं, तर लाल टेप सुटला, खाली काळी. टेप असा सफाईनं गुंडाळलेला, जसा मीही नसता गुंडाळला.

मी सगळ्यांसमोर विचारलं, हे कोणाचं काम?

“माझं,” सुलभावहिनी म्हणाल्या. “बाप्पाच्या पुढ्यात काळी तार बरी दिसते का?”

देशकरांनी तिथंच माझी माफी मागितली. खानझोडेंनी संध्याकाळी खोव्याची जलेबी आणून मागितली. मी वहिनींकडे पाहत राहिलो.

त्या म्हणाल्या, “काहून पाहता, नानाभाऊजी? वरून काळी असो की लाल, आत तर तांबंच आहे ना?”

माफी मागायच्या राहिल्या त्या एकट्या. सौ. सुलभा खानझोडे.