वसंताच्या हॉलमधला पांढरा रंग

वसंता गेला.

सकाळी सात वाजता त्याच्या मुलाने, अमोलने, फोन करून सांगितलं. हार्ट अटॅक. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

पुढचं वाक्य: "काका, तुमच्या पेपरात निधनवार्ता तेवढी लावा."

लावली. थिएटरचे निवृत्त प्रोजेक्टर ऑपरेटर, पश्चात मुलगा, सून, नात.

जे तिथे बसत नव्हतं ते इथे लिहितोय.

वसंताची बायको, कमलवहिनी, चार वर्षांपूर्वी गेल्या. लोक त्यांना "सावळ्या" म्हणायचे, चांगुलपणा म्हणून. त्या काळ्या होत्या आणि देखण्या होत्या. हे दोन्ही एका दमात म्हणणारा माणूस वसंता एकटाच.

बाकीच्यांनी त्यांना जन्मभर गोरं केलं. लग्नाच्या फोटोत स्टुडिओवाल्याने केलं. त्या गेल्यावर मोठा करून लावलेल्या फोटोत तर ओळखूच येत नाहीत.

खऱ्या कमलवहिनी एकाच ठिकाणी शिल्लक होत्या. मंगळवेढ्याला झालेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा जुना व्हिडिओ. संध्याकाळ, मांडवात एक बल्ब, मागे अंधार. कॅमेरा त्यांच्याकडे वळतो आणि त्या झापतात, "माज्याकडं काय बगतोस? नवरी तिकडं हाय की."

सगळी मिळून दोन मिनिटं.

त्या दोन मिनिटांसाठी वसंताने सेकंडहँड होम प्रोजेक्टर घेतला.

मी म्हटलं, टीव्हीवर बघ की.

"ती माज्या खांद्याएवढी होती. टीव्हीत कुटं मावती?"

अमोलच्या नव्या फ्लॅटचा हॉल पांढरा. भिंती, छत, फरशीसुद्धा. वसंताने समोरच्या भिंतीला वर आणखी चकचकीत पांढरा ऑइलपेंट दिला. पडदा जितका पांढरा तितकं चित्र झकास, असा त्याचा हिशेब.

कमलवहिनी त्या भिंतीवर आल्या त्या राख फासल्यासारख्या. मागचा अंधारही राखाडी.

"बग," वसंता म्हणाला. "आता भिंतपन तिला गोरी कराय लागली."

आठवडाभर तो सेटिंगशी झगडला. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सगळं वरखाली करून झालं. मग एक दिवस त्याचा फोन.

"माजी चूक घावली. तीस वर्षं केबिनच्या भोकातनं निसता पडदा बगितला. हॉल कधी बगितलाच न्हाय. थिएटरच्या भिंती काळपट होत्या, पडद्याच्या कडंनं काळं कापड होतं. ते कशापायी हे मला आज कळतंय."

त्याने मला फोनवरच शिकवलं. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. काळं म्हणजे उजेड न पडलेली जागा. पण चित्राचा उजेड पांढऱ्या छताला, भिंतींना लागतो आणि उलटा पडद्यावर येतो. तेवढ्याने काळ्याचं राखाडी होतं. दिवे बंद केले तरी.

उपाय साधा होता. पडद्याच्या भिंतीला करडा मॅट रंग. पडद्यालगतचं थोडं छत आणि दोन्ही बाजूंच्या भिंती गडद.

अमोल नाही म्हणाला.

मी तिथेच बसलो होतो. मला त्याचा राग आहे, पण तो काय बोलला तेही आठवतं.

"बाबा, दहावीपर्यंत आपण धुरानं काळ्या झालेल्या एका खोलीत राहिलो. माझे मित्र आले की मी त्यांना बाहेरच उभं करायचो. आता माझं घर पांढरंच राहणार."

"मला तुजी आई बगायचीय. घर न्हाय."

"आईचा फोटो आहे की समोर."

"ती बाई कोन हाय, तूच सांग."

सुनेने चहा आणला. विषय संपला. मीही चहा प्यालो.

गेल्या महिन्यात अमोल बायको-मुलीला घेऊन केम गावी सासरवाडीला गेला. वसंता स्टुलावर चढला. छताला खिळे मारले, घरातल्या सगळ्या गडद चादरी टांगल्या. सोलापूरच्या घरात चादरींना काय तोटा. चकचकीत भिंतीवर करडा मॅट रंग स्वतः ओढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन.

"लगेच ये. नाकातली चमकी दिसतीया. पदराचा काठ दिसतोय. आन रंग तिचाच हाय रं, तिचाच. माज्यासंगं कुनीतरी बगाय पायजे की."

माझं पान छपाईला सुटायचं होतं. म्हटलं, उद्या येतो.

पान वेळेत सुटलं. त्यातली एक बातमी आज आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधी अमोल पोचला होता. चादरी घड्या घालून सोफ्यावर. वसंता खुर्चीत. भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"काल याय पायजे हुतंस," एवढंच म्हणाला.

त्यानंतर त्याने प्रोजेक्टर लावला नाही. मीही विचारलं नाही. आपण समजूतदार माणसं, असले विषय काढत नाही.

दुपारी अंत्यसंस्कार झाले. अमोलने बाजूला घेऊन सांगितलं, जलदान विधी रविवारी, घरीच, हॉलमध्ये. त्याआधी उद्या पेंटर येईल. खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवायची, करडी भिंत पांढरी करायची.

"लोक येणार, काका. बरं दिसत नाही."

मी म्हटलं, पेंटरला एक दिवस थांबव. उद्या संध्याकाळी चादरी लावू, तू आणि मी बसून ती दोन मिनिटं बघू. मग काय रंगवायचं ते रंगव.

तो म्हणाला, "बघतो."

पेंटर सकाळी नऊला येणार आहे. अमोलचा फोन अजून आलेला नाही.

वसंता, शेवटचा जय भीम.