दोनदा दिलेला पलंग

शोकसभेला हॉल गच्च भरला होता. डेमोकाका जिवंत असताना त्यांनी बोलावलेल्या मीटिंगला चार टाळकी जमवताना नाकी नऊ यायचे, पण माणूस गेल्यावर गर्दीला तोटा नसतो. मंडळाचे अध्यक्ष माईक हातात घेऊन सद्गदित झाले. ते दरवर्षी दोन-तीनदा होतातच. "मंडळी, काकांना 'नाही' हा शब्दच ठाऊक नव्हता! शेवटच्या आजारात त्यांनी स्वतःच्या अंगाखालचा पलंग गरजूला दिला. एकदा नव्हे, दोनदा दिला!" लोकांनी डोळे टिपले. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. पहिल्या वेळचं खरं होतं. दुसऱ्या वेळचं काय ते त्यांना ठाऊक होतं, पण गेलेल्या नवऱ्याचं पुण्य भर सभेत कोण कमी करणार?

काकांना हे नाव मिळालं ते धंद्यामुळे. आयुष्यभर त्यांनी दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर विकले, आणि विकण्याआधी डेमो दिला. डेमो म्हणजे काय, तर परक्या माणसाच्या लख्ख घरात शिरायचं, पिशवीतली मूठभर धूळ त्याच्या गालिच्यावर फेकायची आणि घरातली बाई किंचाळायच्या आत यंत्र सुरू करायचं. आता ही धूळ काही कंपनी देत नव्हती. ती काकूंच्या घरची असायची. घर झाडलं की कचरा टाकून द्यायची सोय नव्हती. तो चाळून, केसबीस काढून, बारीक धूळ तेवढी पिशवीत भरून ठेवायची. "जाड कचरा सगळेच ओढतात गं," काका समजावून सांगत, "आपल्या मशीनची खरी कमाल बारीक धुळीत." काकू चाळत. आणि घरात व्हॅक्यूम क्लीनर होता का? होता की. सकाळी काकांबरोबर बाहेर पडायचा आणि रात्री त्यांच्याइतकाच थकून परत यायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो या घरात झाडूने लोटला जायचा.

विकण्याचं त्यांचं एकच सूत्र होतं. "हवं का?" असं विचारायचंच नाही. हवं का म्हटलं की माणूस नको म्हणतो. "लाल घेताय की निळा?" असं विचारायचं. नको म्हणायला जागाच ठेवायची नाही. लग्नाच्या वेळी त्यांनी काकूंच्या वडिलांनाही "लग्न या महिन्यात की पुढच्या?" असंच विचारलं होतं, आणि त्या भल्या माणसाने तारीख शोधायला घेतली. मुलगी द्यायची की नाही हा विचार करायचा राहूनच गेला.

काकू एका दिवसाची वाट बघत राहिल्या. निवृत्तीच्या दिवसाची. काकांनी शब्दच दिला होता, "एकदा सुटलो की तुझ्या डोळ्यांसमोरून हलणार नाही." काकूंनी बाल्कनीत ठेवायला दोन वेताच्या खुर्च्या घेतल्या. एक त्यांची, एक आपली. एवढंच मागणं होतं त्यांचं, फार नव्हे.

काका डोळ्यांसमोर राहिले, म्हणजे जेमतेम आठवडाभर. मग खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचा पाय मोडला, त्याला कुठे चाकाची खुर्ची मिळेना, आणि काकांना साक्षात्कार झाला. ज्यांच्या घरात धूळ फेकली होती त्या सगळ्यांचे फोन नंबर त्यांच्याकडे होतेच. प्रत्येकाच्या माळ्यावर कुबड्या, वॉकर, पाण्याची गादी असं काहीबाही पडलेलं असतं. ते काकांनी गोळा केलं आणि रुग्णांना फुकट वापरायला देऊ लागले. कुठे ठेवलं? काकूंच्या बाहेरच्या खोलीत. पाहुणा आला की कुबड्या हलवून त्याला चाकाच्या खुर्चीवर बसवायचं. वेताच्या दोन खुर्च्यांपैकी एकीच्या बुडाला काकांनी करवतीने गोल भोक पाडलं आणि खाली डबा बसवला. संडासाला जाता न येणाऱ्यांची फारच सोय झाली. उरलेल्या खुर्चीवर काकू एकट्या बसत.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे पुष्कळ असतात, पण भाजताना त्या भाकरीची जाहिरात करणारे काकाच. फुकट द्यायच्या वस्तूचाही त्यांना डेमो द्यावा लागे. कुणी काठी न्यायला आला की काका स्वतः लंगडून दाखवत, कण्हत, पडता पडता वॉकर धरत. काठी न्यायला आलेला माणूस वॉकर, भोकाची खुर्ची आणि हवेची गादी घेऊन रिक्षा शोधायचा. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बाबांना जरा घरात बसव ना." काकू म्हणायच्या, "घरातच आहेत. बसायला जागा कुठाय?"

मग काकांचं हृदय थकलं. फुप्फुसात पाणी साचायचं, आडवं झालं की जीव गुदमरायचा. डॉक्टरांनी बजावलं, "सपाट झोपवू नका. पाठ उंच राहिली पाहिजे, मग कशीही ठेवा." काकांनीच गोळा केलेल्या सामानातला एक पलंग नुकताच परत आला होता, हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर होणारा. त्यावर त्यांना ठेवलं. काकूंना वाईट वाटत होतं, आणि मनातल्या मनात थोडं बरंही वाटत होतं. आता जातात कुठे?

पण गिऱ्हाईक घरी येऊ शकतं हे त्या विसरल्या. चौथ्या गल्लीतला शिंपी दारात उभा राहिला. त्याच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. "काका, पलंग आहे का एखादा?"

काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. "ये, ये. हे हँडल फिरव. अरे घाबरतोस काय, फिरव! बघ, मी वर आलो की नाही? आता उलटं. कसं लोण्यासारखं फिरतंय! आज नेतोस की उद्या?"

"काका, तुम्ही झोपलाय की यावर!"

"मग चादर बदलून घे."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" काकू ओरडल्या. पण डेमो पुरा झाला होता, आणि त्यानंतर रिकाम्या हाताने परत गेलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. शिंप्याने खाली मान घालून पलंगाचे नट सोडवले.

काका साध्या पलंगावर आले. पाठीशी उशा लावल्या, त्या घसरल्या. डबे लावले, ते टोचले. शेवटी काकू चिडून भिंतीला टेकून स्वतःच मागे बसल्या आणि त्यांनी काकांना अंगावर रेलून घेतलं. श्वास लागायचा थांबला. काकू शिव्या घालत होत्या, पण हलल्या नाहीत. दिवस असेच जाऊ लागले. मधे मुलगी येऊन बसायची, तेवढ्यात काकू पाय मोकळे करून घ्यायच्या.

आता काकांसमोर कुणी नव्हतं, फक्त भिंत. भिंतीला विकणार काय? एका दुपारी त्यांनी विचारलं, "मी फिरतीवर असायचो तेव्हा तू दिवसभर काय करायचीस गं?"

"तुमचा कचरा चाळायचे," काकू म्हणाल्या.

काका हसले, खोकले, आणि म्हणाले, "ते झालं. आणखी?"

असं कुणी विचारेल याची काकूंनी आशाच सोडली होती. आधी त्या तुटक बोलल्या, मग सुटल्याच. वरच्या मजल्यावरची बाई ओल्या चादरी वाळत घालायची, त्या थेंब थेंब काकूंच्या कपड्यांवर गळायच्या. त्यावरून जे जुंपलं ते वर्षानुवर्षं पुरलं. कुणी कुणाला काय म्हटलं, जिन्यात कोण कुणाकडे पाठ फिरवून गेलं, सगळं बैजवार. काका मधे मधे "बरोबर केलंस" म्हणत. संसारात पहिल्यांदाच ते गिऱ्हाईक होते.

अशाच एका दुपारी काकू चादरीची दोरी कापल्याचा प्रसंग सांगत होत्या, तेव्हा शिंपी आला. आईला त्याने बहिणीकडे नेलं होतं, तिथे दुसरा पलंग होता. "काकू, तुमचा पलंग आणलाय. टेम्पो खाली उभा आहे. लगेच जोडून देतो, काकांना आराम पडेल."

पलंग आला की काका त्याच्यावर, फोन त्यांच्या हातात, आणि आपण पुन्हा स्वयंपाकघरात, हे काकूंना लख्ख दिसलं. डॉक्टर पाठ उंच ठेवा म्हणाले होते, ती उंचच होती.

"नको," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला दे."

"अहो, पण काकांना..."

"काकांनाही नकोय."

सगळ्या संसारात त्या नवऱ्याच्या वतीने एवढं कधी बोलल्या नव्हत्या. बोलल्या आणि धास्तावल्या. काका शुद्धीत होते, त्यांना ऐकू येत होतं, आणि कुणाचाही नकार ऐकून गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आता ते तोंड उघडणार, "आता जोडतोस की संध्याकाळी?" असलं काहीतरी विचारणार, आणि संपलं. शिंपीही त्यांच्याकडेच बघत होता. काकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

शिंपी जिना उतरून गेला. खाली टेम्पो सुरू झाला, लांब गेला.

"हं," काका डोळे न उघडता म्हणाले, "दोरी कापलीस. मग चादर पडली कुणाच्या डोक्यावर?"