सब्जमहालाच्या देवडीतलं नाव

क्षमा करणं फार मोठं असतं, असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे. सांगणाऱ्यांपैकी एकाचंही कुणी काही बिघडवलेलं नव्हतं. द्वारकाबाईनं क्षमा केली नाही, आणि म्हणूनच मी तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे. बेगमपुऱ्याच्या चौकात माझं चहाचं हॉटेल होतं. ती रोज सकाळी झाडू काखेत धरून समोरून सब्जमहालाकडं जायची, आणि माझ्या बाकड्यावरचे रिकामटेकडे म्हणायचे, "ती बघ, दारुड्याची बायको." हळू म्हणायचे, पण तिला ऐकू जाईल इतपत. ती मान वळवायची नाही. मी मात्र त्या लोकांच्या चहात दूध कमी घालायचो.

सब्जमहाल म्हणजे काय ते आधी सांगतो. बादशहा दख्खनमध्ये तळ ठोकून बसला तेव्हा त्याच्यासोबत उत्तरेतले सरदार आले. त्यांतल्या एकानं हा महाल बांधला, असं जुनी माणसं सांगत. काळ्या दगडाचं पुरुषभर उंच जोतं, त्यावर दोन मजले, समोर पाच महिरपी कमानी आणि पुढं हौद. डोंगराकडून नहरीचं पाणी मातीच्या नळांतून यायचं, भिंतीच्या पोटातून फिरून हौदात पडायचं, त्यामुळं वैशाखातही आत गारवा असायचा. खरी करामत होती मधल्या दिवाणखान्याची. एवढं मोठं दालन, पण छताला एक लाकडी तुळई नाही. नुसती विटांची घुमटी, चुन्यावर तोललेली. तिच्या आतल्या बाजूला हिरवे वेल रंगवलेले होते, म्हणून नाव सब्जमहाल.

पुढं तो निजामाकडं गेला, सुभ्याचे बडे पाहुणे तिथं उतरायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि महालाला कुलूप लागलं. आतले गालिचे आणि काचेच्या हंड्या कुठं गेल्या, ते ज्यांच्या घरात गेल्या त्यांनाच ठाऊक. काही वर्षं तिथं फक्त पारवे राहिले. मग सरकारला वाटलं, इथं एखादी कचेरी थाटावी. छत गळत होतं, म्हणून दुरुस्ती निघाली आणि तिचा ठेका मिळाला नानासाहेब लासूरकरांना.

नानासाहेब लासूर स्टेशनच्या एका अडत्याचे चिरंजीव. धान्यात खडे मिसळायची घरची विद्या, ती त्यांनी चुन्यात आणली.

त्यांच्या हाताखालचा मुख्य गवंडी होता कडूबा, द्वारकाबाईचा नवरा. अजिंठ्याकडचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं कमी. द्वारकाबाई बायकांच्या रांगेत बसून छतावर कोबा करायची. कोबा म्हणजे चुना आणि विटांचा चुरा पसरून, त्यात पाणी मुरवत, लाकडी थाप्यांनी दिवसच्या दिवस बडवायचं. तो दगडासारखा झाला की पाण्याचा थेंब खाली उतरत नाही. चुन्यात गूळ जायचा, बेलफळाचा गर जायचा, उडदाचं पाणी जायचं. कडूबा म्हणायचा, "चुन्याला समदं चालतं, माती तेवढी चालत नाय. चुन्यात माती असली, नायतर चुन्याखाली माती असली, की पापुद्रा निघून येतोच."

नानासाहेबांनी चुन्यात मातीच मिसळली. वर आणखी शहाणपण असं, की जुना फुटका थर न काढता त्याच्यावरच नवा जाड थर ओतायला लावला.

"मालक, जुना थर उतरवल्याबिगर नवा टाकू नका," कडूबा म्हणाला. "घुमटीला वजन लई होतंय."

"कडूबा, दिवाळीच्या आत हैदराबादचे साहेब पाहणीला येणारेत. तू तुझ्या थाप्याचं बघ."

थर पडला. साहेब आले, खालून छताकडं बघून मान डोलावून गेले. नानासाहेबांनी महालाच्या देवडीत, म्हणजे मोठ्या दरवाजाच्या आतल्या भिंतीत, स्वतःच्या नावाचा दगड बसवून घेतला. छावणीतल्या दाऊद पाथरवटानं तो कोरला. नानासाहेब डोक्यावर उभे राहून त्याला सांगत होते, "खोल कोर. बोटाचं पेर बुडलं पाहिजे. महाल राहील तोवर नाव राहिलं पाहिजे." दाऊदनं तसंच केलं: सब्जमहालाच्या छताचा जीर्णोद्धार नानासाहेब लासूरकर यांनी केला. आजवर फारसी अक्षरं मिरवणाऱ्या महालातली ही पहिली मराठी अक्षरं, असं नानासाहेब गावभर सांगत फिरले.

पुढच्या श्रावणात घुमटीला चीर पडली. नानासाहेबांनी कडूबाला टेकू लावायला आत पाठवलं. द्वारकाबाई हौदापाशी चुना कालवत होती. तिनं आवाज ऐकला आणि दिवाणखान्यातून पांढरा धुरळा बाहेर येताना पाहिला. हिरव्या वेलींसकट सगळी घुमटी कडूबाच्या अंगावर आली होती.

चौकशी होणार होती. साहेब यायच्या आतच नानासाहेबांनी गावभर उठवून दिलं, की कडूबा दारू पिऊन आत गेला आणि त्यानं टेकू पाडला. माळकरी माणूस! मेलेला माणूस काही उठून आपलं तोंड हुंगायला देत नाही. ज्यांना पुढंही नानासाहेबांकडं काम हवं होतं, त्यांनी माना हलवल्या. राहिला देवडीतला दगड. त्यावर नाव ठसठशीत दिसत होतं. तो भिंतीतून काढायचा तर कमान खिळखिळी होणार, म्हणून नानासाहेबांनी दाऊदला छिन्नीनं अक्षरं खरवडायला सांगितलं. तेव्हा द्वारकाबाई पुढं झाली. कपाळ पांढरं, हातात चुन्याची बादली.

"मालक, छिन्नीचे ताजे घाव दिसतील. साहेब इचारंल, इथं काय व्हतं म्हनून. त्यापरीस मी चुन्यानं लिंपून टाकते. भिंतीत भिंत होऊन जाईल."

नानासाहेबांना बरं वाटलं. बाई शहाणी आहे, मुकाट्यानं राहील, असं त्यांना वाटलं. ते गेल्यावर तिनं आधी त्या अक्षरांत बारीक चाळलेली माती भरली. मग सगळ्या दगडावर मातीचा हात फिरवला आणि तिच्यावर चुना. दाऊद शेजारी बसून बघत होता. तो चुन्यामातीतला माणूस, त्याला कळलं.

"भाभी, नीचे मट्टी डाल रे क्या तुम? चुना पकडताच नै फिर."

"व्हय दाऊदभाई," ती म्हणाली. "माझ्या घरधन्यानंच शिकवलंय."

दाऊदनं तोंड मिटलं ते मिटलं. चौकशीच्या कागदावर दारुडा गवंडी लागला आणि ठेकेदाराचं नाव कुणाला आठवेनासं झालं. नानासाहेबांनी द्वारकाबाईला महालात झाडलोटीचं काम लावून दिलं. लोक म्हणाले, केवढं मोठं मन! माझ्या हॉटेलात म्हणाले, म्हणून सांगतो. मला तेव्हा खरं माहीत नव्हतं, तरी राग आला होता.

त्यानंतर ती त्या भिंतीची देवघरासारखी निगा राखत आली. मातीवरचा चुना, तो पोपडे धरणारच. पोपडा दिसला की ती लगेच डागडुजी करायची. दिवाळीला सगळा महाल तसाच राहिला तरी देवडीच्या त्या भागाला नवा हात मिळायचा. मी एकदा तिला विचारलं, "द्वारकाबाई, त्या भिंतीचं एवढं काय?" ती म्हणाली, "तिथं माझं लोणचं मुरतंय." मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

नानासाहेब वाढत गेले. आधी नगरसेवक, मग कुठल्या कुठल्या संस्थांचे अध्यक्ष. महाराष्ट्र झाला, त्यालाही बरीच वर्षं झाली, आणि त्यांना उतारवयात इतिहासाचा उमाळा आला. महाल सरकारनं संरक्षित वास्तू म्हणून ताब्यात घ्यावा यासाठी त्यांनी मुंबईपर्यंत खेटे घातले. दिवाणखान्याचं छत सरकारनं पुन्हा बांधून दिलं, साधं, वेलींशिवाय. शेवटी मंजुरी आली. देवडीत निळा बोर्ड लागला, त्यावर पडदा. तो बाजूला सारायचा समारंभ ठरला आणि चहाचं काम माझ्याकडं आलं.

देवडीत गर्दी मावत नव्हती. नानासाहेब फेटा बांधून बोर्डाशेजारी उभे राहिले आणि बोलायला लागले. सरदार, नहर, महिरपी, सगळं छान सांगितलं. मग म्हणाले, "आणि असल्या या वास्तूचं छत एका दारुड्या गवंड्यानं पाडलं. तेव्हाचा ठेकेदारही कुणी हैदराबादचा होता म्हणतात. अशा माणसांची नावं लोकांसमोर आली पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. त्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला. टाळ्या पुन्हा सुरू होतात न होतात तोच समोरच्या भिंतीपाशी बसलेली द्वारकाबाई उठली. तिनं भिंतीवर बादलीभर पाणी फेकलं. लोक मागं सरकले. तिनं कडेनं खुरपं घातलं आणि इतक्या वर्षांचे थर तव्यावरची भाकरी सुटावी तसे अखंड सुटून खाली पडले. पदरानं तिनं माती पुसली. अक्षरं कालच कोरल्यासारखी स्वच्छ होती. उन्हापावसाचा, हाताचा, कशाचाच स्पर्श त्यांना झालेला नव्हता.

 मी किटली खाली ठेवली आणि मोठ्यांदा वाचलं. दोनदा वाचलं. मला फार मजा आली, खोटं कशाला बोलू?

नानासाहेब म्हणाले, "हे दुसरे कुणीतरी लासूरकर असतील."

मागून कुणीतरी ओरडलं, "लासुरात दुसरा नानासाहेब दावा, पेढे वाटतो!" आणि देवडी हसून हसून फुटायची राहिली. त्या हसण्यात द्वारकाबाई नव्हती. ती नानासाहेबांकडं बघत होती, आणि ते तिच्याकडं बघत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हातोडा देऊन माणूस पाठवला. दारावरच्या सरकारी पहारेकऱ्यानं त्याला निळा बोर्ड दाखवला: या वास्तूच्या कोणत्याही भागास इजा करणारा, रंग लावणारा, फेरफार करणारा शिक्षेस पात्र होईल. माणूस हातोडा घेऊन परत गेला. सहलीची पोरं येऊन नाव वाचायची आणि गुरुजींना विचारायची. हे पुष्कळ दिवस चाललं, तेव्हा नानासाहेब स्वतः आले. मी देवडीत द्वारकाबाईला चहा द्यायला गेलो होतो. मला बघूनही ते थांबले नाहीत, इतके घायकुतीला आले होते.

"द्वारकाबाई, झालं गेलं. तू इथली झाडणारी, तुला कुणी बोलायचं नाही. पहिल्यासारखा चुना लाव."

"माझ्या मालकावर दारूचा डाग हाय," ती म्हणाली. "तो पुसा आधी. चौकात, समद्या लोकांम्होरं. मंग बघू."

ते आले. माझ्याच हॉटेलात, भर बाजाराच्या दिवशी. बाकड्यावर तेच रिकामटेकडे होते, आता म्हातारे झालेले. नानासाहेब उभे राहिले, फेट्याचा शेमला चाचपला आणि म्हणाले, "कडूबा गवंडी दारू पीत नव्हता. चुन्यात माती मी घातली. तो मला नको म्हणत होता." आवाज इतका बसका होता, की मी म्हणालो, "मागच्यांना ऐकू आलं नाही, नानासाहेब." त्यांनी पुन्हा सांगितलं. द्वारकाबाई दाराशी उभी होती. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. बाकड्यावरचा एक जण हात जोडून म्हणाला, "चुकलं, माय." तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

तिथून ते दोघं महालाकडं गेले, आणि मी हॉटेल उघडं टाकून मागोमाग गेलो. देवडीत आल्यावर नानासाहेब भिंतीला टेकले.

"बोललो मी, दोनदा बोललो. आता लाव चुना."

"मंग बघू म्हनलं व्हतं, तर बगितलं, मालक," ती म्हणाली, आणि निळ्या बोर्डाकडं बोट केलं. "मला वाचता येत नाय. पर लोक सांगत्यात, इथं रंग लावला तर जेल होते. तुम्हीच आणलाय न्हवं तो बोर्ड?"

नानासाहेबांनी तो बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. मग निघून गेले. त्यानंतर ते महालाकडं कधी फिरकले नाहीत. वारले तेव्हा त्यांची अंत्ययात्राही दुसऱ्या रस्त्यानं नेली.

त्या दिवशी मात्र ते जोत्याच्या पायऱ्या उतरायच्या आतच द्वारकाबाईनं फडकं पाण्यात बुडवून पिळलं, आणि एकेका अक्षरात बोट घालून ती अक्षरं लख्ख पुसायला बसली.