मामांचा पाचवा पांडव

आमच्या सौभाग्यवतींच्या मामांइतका सरळ चालणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. वाटेत बाभळ आली तर बाभळीनं बाजूला सरकावं, एवढीच त्यांची अपेक्षा असते. मामा चौतीस वर्षं सरकारी मोजणीदार होते. शिवारात साखळी टाकायची, जमीन मोजायची, हद्दीवर दगड रोवायचा आणि नकाशावर रेघ ओढायची, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं, आणि निवृत्तीनंतरही ते त्यांच्या अंगातून गेलेलं नाही. आमच्या घरी आले आणि बैठकीतली सतरंजी भिंतीला तिरकी दिसली की त्यांना चहा गोड लागत नाही. आमच्या लग्नात मांडवाचा एक खांब दोन बोटं कलता होता. मुहूर्त टळायची वेळ आली तरी मामांनी मांडववाल्याला शिडीवरून खाली उतरू दिलं नाही. ताटातसुद्धा त्यांच्या मनानं हद्दी आखलेल्या असतात. वाढणाऱ्या बाईच्या हातून वरण कोशिंबिरीच्या बाजूला गेलं की ते शांतपणे "अतिक्रमण झालं" म्हणतात आणि जेवायला लागतात. चिडत नाहीत. फक्त नोंद करतात.

एक गोष्ट मात्र ते नुसती नोंदवत नाहीत, सांगत फिरतात. "चौतीस वर्षांत माझ्या मोजणीवर एकही तक्रार नाही." निरोप समारंभात साहेबांनी हे वाक्य भाषणात घेतलं होतं, आणि तेव्हापासून मामांनी ते एसटीच्या कंडक्टरला, रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरला आणि एकदा चुकून लागलेल्या फोनवरच्या अनोळखी बाईंनाही ऐकवलं आहे. त्यांच्याकडं घर बेताचं, शेत नाही, मूलबाळ नाही. हे वाक्य हीच त्यांची कमाई, असं मी म्हटलं तर ते त्यांना आवडेलच. आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करत असू, पण ते खोटं आहे असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नव्हतं.

दर हिवाळ्यात मामा आम्हाला एक दिवस चालायला नेतात. आम्ही म्हणजे मी आणि माझे दोन मित्र, एक बँकेत आहे आणि दुसरा कॉलेजात शिकवतो. नियम मामांचे असतात. फोनमधला नकाशा उघडायचा नाही, कुणाला वाट विचारायची नाही, आणि मामा बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही. मामा बसत नाहीत. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला गावनकाशा आणि ओठांवर पावलांची मोजणी, असे ते पुढं चालतात. मध्येच काही विचारलं तर आकडा विसरतो म्हणून उत्तर अर्ध्या मैलावर मिळतं. प्रश्न काय होता ते तोवर आपण विसरलेलो असतो.

यंदा त्यांनी लोहाऱ्याकडचं शिवार निवडलं, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी ते मोजलं होतं. आणि दिवस निवडला येळवशीचा, कारण त्या दिवशी आम्हा तिघांनाही सुट्टी होती. मी म्हटलं, "मामा, येळवशीला शिवारातून चालायचं म्हणजे पंगतीतून उपाशी निघण्याएवढं अवघड." त्यांनी ऐकलं नाही. मार्गशीर्षातल्या त्या वेळ अमावस्येला आमच्याकडं गावात चिटपाखरू नसतं. सगळे शेतात असतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करतात, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात, ते पाच पांडव. त्यांची पूजा झाली की भाज्या-डाळींची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबिल, आणि बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही अशी रीत आहे. सोडलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

अकरा वाजेपर्यंत आम्ही तीन शेतांत जेवलो होतो. तिसऱ्या ठिकाणी बँकवाल्यानं आंबिलाचा तांब्या दोन्ही हातांनी दूर लोटायचा प्रयत्न केला, तेव्हा तिथल्या आजी म्हणाल्या, "पोटाला काय झालंय? प्या. चालत्या मान्साला बाधत न्हाय." तो प्यायला आणि पुढं मैलभर पोटावर हात ठेवून चालला. मामा घड्याळ पाहून म्हणाले, "दीड कोसात तीन जेवणं. हे मोजणीत बसत नाही."

पुढं एक सुरेख पाणंद लागली. दोन्ही बाजूंना कडुलिंब, मध्ये बैलगाडीच्या खोल चाकोऱ्या. आम्ही सावलीत शिरतो न शिरतो तोच मामा थांबले, नकाशा उलगडून म्हणाले, "वाट इथं नाही. तिकडं, हरभऱ्यातून आहे."

"मामा, चाकोऱ्या इथं दिसतायत," कॉलेजवाला म्हणाला.

"चाकोऱ्या चुकतात. हा नकाशा मी काढलाय."

ते हरभऱ्यात शिरले. पीक तुडवू नये म्हणून ओळींमधल्या तासातून जपून पावलं टाकत, पण रेघ न सोडता. आम्ही मागं. बारा पावलांवर ते वळले आणि नाकासमोर चालत थेट एका कोपीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. आत नुकतीच पूजा झाली होती. पंचाहत्तरीच्या पुढचे एक आबा आणि त्यांच्या घरच्या माणसांची पानं मांडायची गडबड चालली होती. कुठून आलात हे न विचारताच आबांनी चार पानं वाढायला सांगितली. आम्ही पांडवांना हात जोडायला वाकलो. चार दगड मुठीएवढे, ओढ्यातले गोटे. पाचवा मात्र गुडघाभर उंच, चौकोनी, जमिनीत घट्ट रोवलेला, आणि चुन्याखालून त्याच्या डोक्यावर टाकीनं कोरलेली फुली दिसत होती. कोप त्याच्याभोवती बांधली होती.

मामांचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यांनी त्या दगडाकडं पाहिलं, मग बाहेर येऊन लिंबांच्या रांगेकडं, मग हातातल्या नकाशाकडं. ओठ हलत होते. हद्दीचा दगड लिंबांपाशी हवा होता, तो इथं होता, आणि नकाशातली वाट या दगडावरून काढली होती, एवढं मलाही कळलं. माझे मित्र भज्जीच्या वासानं पानावर बसले होते. मामांनी नमस्कार करून जेवायला बसायचं, एवढंच बाकी होतं. कुणालाही काही समजलं नसतं. मला खरं सांगायचं तर त्यांनी तसंच करावं असं वाटत होतं.

"आबा," मामा म्हणाले, "तुमचा हा पाचवा पांडव मी रोवलाय. आणि तो बारा पावलं चुकलाय."

आबांनी डोळ्यांवर हात धरून त्यांना निरखलं. "मोजणीसायेब व्हय तुमी? तरीच म्हनलं, वाट सोडून हरभऱ्यातनं कोन यायलंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ठावं हाय की. त्या दिशी तुमाला ताप हुता. डोळे लाल झाल्याले. म्या म्हनलं, सायेब, उद्या करा. तुमी आयकलं न्हाय."

"मग तक्रार का नाही केली?" मामांचा आवाज बारीक झाला होता.

"नवी नौकरी हुती तुमची. परगावचं पोरगं, दोन दिस आमच्यात भाकरी खाल्ल्यालं. वर कागद गेला आसता तर तुमालाच तरास झाला आसता. शेजाऱ्याला इचारलं, त्योबी म्हनला, वाट लिंबाखालीच ऱ्हाऊ द्या, दगडाला कोन इचारतंय."

आबांच्या बायको उंड्यांची टोपली घेऊन आल्या. "उगं मदीच उबा ऱ्हायचा, नांगराला आडवा यायचा," त्या म्हणाल्या. "म्हनून पांडवांत घेतला. जेवा आता, गार व्हायलंय."

मामा जेवले. ताटात काय कुठं गेलं हे त्यांनी पाहिलं नाही. निघताना आबा आम्हाला लिंबाखालच्या वाटेपर्यंत सोडायला आले. मामा त्यांच्या पाया पडले. वयात फार अंतर नसेल, पण आबांनी पडू दिलं. पुढचे तीन कोस मामा सगळ्यांच्या मागं चालले. गावाची पाण्याची टाकी दिसायला लागली तेव्हा माझ्या बाजूला येऊन म्हणाले, "चौतीस वर्षं. आणखी किती ठिकाणी लोक असे गप्प बसले असतील?" लोहाऱ्याहून परतीची जीप मिळाली, तिच्यात ते खिडकीशी बसले आणि शिवार मागं जाताना पाहत राहिले.

तेव्हापासून मामा जुनी गावं हिंडतात. आठवेल त्या गावाचा गट नंबर जुन्या दप्तरातून काढायचा, एसटीनं जायचं, बांधावर बसायचं आणि विचारायचं. कधी मीही जातो. बहुतेक ठिकाणी तेव्हाची म्हातारी माणसं राहिलेली नाहीत. मागच्या महिन्यात सोनारीजवळच्या एका शेतात आम्ही गेलो. शेताचा आताचा मालक चाळिशीतला, मोटारसायकल उभी करून आला, पाणी दिलं, आणि हसून म्हणाला, "समदं बराबर हाय की सायेब. आमच्या आज्ज्यानं बी कदी तक्रार केली न्हाय." मामांनी त्याचा चेहरा निरखला. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "खरं सांगत असेल का रे?" मला त्यांची फार माया आली. खरंच असेल असं मी म्हणालो, आणि त्यांनी ते मान्य केलं नाही.